सहाचा चहा सातला

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळीसला टेकलेला, घरातले सगळे पंख्याखाली घाम पुसत बसलेले, आणि मी रात्री गोधडी घेऊन झोपत होते. खरंच गोधडी, चादर नाही. पंखा कितीवर ठेवायचा यावरून रोज रात्री आमच्यात वाजायचं, हे म्हणायचे पाचवर, मी म्हणायचे बंद करा, शेवटी पोरगं उशी उचलून हॉलमध्ये जायचं. पण ही बाई ऐन उन्हाळ्यात कुडकुडतेय म्हणजे काहीतरी बिघडलंय असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मी आपली समजूत घातलेली की अंगात रक्त कमी असेल, बायकांना असतंच.

मी ४३ वर्षांची, विश्रामबागला राहते, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष आठवलं की आता वाटतं सगळं समोर दिसत होतं, फक्त एकेक सुटं सुटं दिसत होतं. संध्याकाळी घरी आले की पर्स खांद्याला तशीच, चप्पल पायात तशीच, आणि मी सोफ्यावर अर्धा तास. झोप म्हणावी तर झोप नाही, नुसतं उठवत नव्हतं. सासूबाई कुकर लावायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, पण न बोलण्यातही एक बोलणं असतं ना. वजन ६१ चं ६८ झालं, जेवण तर उलट कमीच झालेलं. दर दोन दिवसांनी इसबगोल. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके, टाचांना एवढ्या भेगा की चादरीत अडकायच्या. आणि विसरणं. रोज पिग्मी भरायला येणारा माणूस, आठ वर्षं ओळखते, समोर उभा राहिला आणि मला त्याचं नाव आठवेना. पासबुक मागून घेतलं, नाव वाचलं आणि मग "काय, बरंय ना" म्हणाले. त्या दिवशी मात्र पोटात जरा गोळा आला.

आणि आवाज. आमचं गुरुवारचं भजनी मंडळ आहे, नऊ-दहा बायका, मी त्यात बरं गाणाऱ्यांपैकी. पेटीवरची काळी चार ही आमची पट्टी. दिवाळीनंतर मला वरचं लागेनासं झालं, घसा बसल्यासारखा, जाडाभरडा आवाज. मी हळदीच्या गुळण्या करतेय, ज्येष्ठमध चघळतेय, फरक शून्य. पेटीवाल्या काकूंनी आधी काळी तीन केली, मग पांढरी चार. बाकीच्या बायकांना एवढं खाली गायला जड जायचं, पण माझ्यासाठी गायच्या. एकदा काकू सहज म्हणाल्या, "अगं फोनवर तुझा आवाज ओळखलाच नाही, मला वाटलं तुझे मिस्टरच बोलतायत." सगळ्या हसल्या, मीपण हसले, घरी येऊन आरशात बघितलं तर डोळ्यांखाली सूज आणि चेहरा कसा फुगीर.

फॅमिली डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले होते. बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, आणि "ताई चाळिशी आली की होतं असं, टेन्शन घेऊ नका, चालायला जा." चालायला गेले पण. आमराईत दोन फेऱ्या मारल्या की पिंढऱ्या अशा भरून यायच्या की बाकावर बसून घरी फोन करायचा, गाडी घेऊन या. कुणावर राग काढायचा नाहीये मला, पण एक रक्ताची तपासणी तेव्हाच लिहून दिली असती तर वर्ष वाचलं असतं एवढं म्हणते.

तपासणी शेवटी लिहिली ती बायकांच्या डॉक्टरांनी. पाळी फार जायला लागली होती, आठ-आठ दिवस, म्हणून गेले. सोनोग्राफी नॉर्मल आली. मॅडमनी हिमोग्लोबिन सांगितलं आणि त्याच कागदावर खाली टीएसएच असं लिहिलं, मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या "तुमचा आवाज असाच आहे का पहिल्यापासून?" मी म्हणाले नाही. "मग करून घ्या." बस एवढंच. दीड वर्षात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी काउंटरला होते. टीएसएच, म्हणजे ती थायरॉईडची तपासणी, ३८.६. शेजारच्या रकान्यात नॉर्मल ०.२७ ते ४.२. मला वाटलं दशांश चिन्ह चुकलंय, ३.८६ असेल. लॅबला फोन केला, तो मुलगा म्हणाला बरोबर आहे मॅडम, आम्ही दोनदा लावून बघितलंय. हिमोग्लोबिन ९.४. मॅडमनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि थायरॉईडसाठी फिजिशियनला दाखवा म्हणाल्या, चिठ्ठी दिली मिरजेची. आमच्याकडे दुखणं जरा मोठं वाटलं की माणूस मिरजेलाच जातो, पार कर्नाटकातून लोक येतात, त्यामुळे मिरजेची चिठ्ठी म्हटल्यावर आमचे हे एकदम गंभीर झाले आणि त्या दिवशी न सांगता पंखा बंद केला.

त्या दोन दिवसांत मी नेटवर काय काय वाचलं ते विचारू नका. रात्री एक वाजता माणसाने कुठलाही आजार सर्च करू नये.

मिरजेच्या डॉक्टरांकडे दोन तास नंबर लागला नाही, पण आत गेल्यावर त्यांनी घाई केली नाही हे कबूल. आधी नुसतं बोलायला लावलं, काय काम करता, काय होतंय. मग हात हातात घेऊन नाडी, ५४. गळ्यावरून बोटं फिरवत पाणी गिळायला लावलं. भुवया बघितल्या, मला म्हणाले ह्या बाहेरच्या टोकाला पहिल्यापासून अशाच विरळ आहेत का? मी कधी बघितलंच नव्हतं, काजळ-पेन्सिल लावून मोकळी व्हायचे. मग मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, पावलं मागे लोंबकळत, आणि टाचेच्या वर छोट्या हातोडीने मारलं. पाऊल झटक्यात मागे गेलं, आणि परत जागेवर यायला त्याने वेळ लावला. अक्षरशः आळसात आल्यासारखं, हळूहळू. डॉक्टरांनी यांना बोलावून दाखवलं, "बघा, असं पटकन परत यायला पाहिजे." आणि स्वतःची कंपाउंडर मुलगी बसवून तिच्या पायावर मारून दाखवलं. तिचं पाऊल टुणकन परत जागेवर. माझं परत मारलं, परत तेच, सावकाश. हे माझ्या पावलाकडे बघतच राहिले. दीड वर्ष मी सांगत होते की अंग ओढल्यासारखं होतंय, ते त्यांना त्या दिवशी त्या पावलात दिसलं बहुतेक. येताना गाडीत म्हणाले, "मला वाटायचं तू कंटाळा करतेस." मी काही बोलले नाही. मलाही तेच वाटायचं.

डॉक्टरांनी अजून दोन तपासण्या सांगितल्या, फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात थायरॉईडचं हार्मोन किती आहे ते, आणि अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उठलेल्या अँटीबॉडी. पहिली आली ०.५२, म्हणजे खालच्या रेषेच्याही बरीच खाली, आणि दुसरी आली ६०० पेक्षा जास्त, त्यापुढे त्यांचं मशीन मोजतच नाही. कोलेस्टेरॉल पण केलं, २६२. मी घाबरले, आता त्याची वेगळी गोळी, पण ते म्हणाले थांबा, थायरॉईड कमी असलं की कोलेस्टेरॉल वाढतं, आधी हे ताळ्यावर येऊ दे मग बघू.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. गळ्यातली ग्रंथी हार्मोन बनवते, आणि मेंदूखालची एक छोटी ग्रंथी तिच्यावर मुकादमासारखी बसलेली असते. हार्मोन कमी पडलं की मुकादम ओरडतो, जेवढं कमी तेवढा मोठ्याने. टीएसएच म्हणजे तो ओरडण्याचा आवाज. म्हणून आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढलं नाही, कमी झालं. हे उलटं गणित कळायला मला दोन दिवस लागले आणि सासूबाईंना अजून पटलेलं नाही, त्या सगळ्यांना सांगतात "हिचं थायरॉईड अडतीसवर गेलंय." आणि ग्रंथी का थकली तर आपल्याच शरीरातली संरक्षणाची फौज तिच्यावर चालून गेली, ते अँटी टीपीओ म्हणजे त्याचा पुरावा. नाव हाशिमोटो. जपानच्या हाकारू हाशिमोटो नावाच्या डॉक्टरांनी १९१२ साली पहिल्यांदा लिहिलं म्हणून. पोरगं म्हणालं आई, मोटरसायकलची कंपनी वाटते.

गोळी: लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम. दुकानात बाटलीच मिळाली, १२० गोळ्यांची, थायरोनॉर्म, दोनशेच्या आसपास. मी हादरलेच, एवढ्या मोठ्या दुखण्याची गोळी रुपया-दोन रुपयाला? आणि केवढीशी, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी म्हणा. डॉक्टरांनी सांगितलेलं की वजनाच्या हिशोबाने तुम्हाला शेवटी शंभरच्या आसपास लागेल, किलोला साधारण १.६ असा हिशोब असतो, पण दीड वर्ष शरीर सुस्त पडलंय तर हळू चढवू. आणि कंपनी सारखी बदलू नका, एकच धरा.

आता खरी भानगड. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. "चहासुद्धा" हा शब्द डॉक्टरांनी दोनदा उच्चारला, त्यांना अनुभव असणार.

आमच्या घरी सहाला चहा होतो. लग्न झालं तेव्हापासून, एकोणीस वर्षं. सासूबाई पाच-पन्नासला आलं ठेचायला घेतात, तो खलबत्त्याचा आवाज म्हणजे आमचा गजर. मग दोघी ओट्याशी उभ्या राहून चहा पितो, दिवसभरात आमचं जे काही बोलणं होतं ते तेव्हाच. पहिल्या दिवशी मी सहाला उठून गोळी घेतली आणि तिथेच उभी राहिले. समोर कपबशी. वास. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) म्हणाल्या, "अगं घे की दोन घोट, चहाने काय होतंय, पातळच तर असतो." मी म्हणाले नको डॉक्टर नाही म्हणालेत. त्यांनी माझा कप झाकून ठेवला, सातला गरम करून दिला, आणि परत गरम केलेला चहा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. चार दिवस काढले. पाचव्या दिवशी गोळी सहाला, चहा सहा-दहाला. म्हटलं पोटात तर गेली ना.

डोकं दुखायचं हो. चाळीस वर्षं सकाळी उठल्याउठल्या चहा लागलेलं डोकं आहे ते.

शिवाय दुसरी एक गोष्ट मी करत होते जी मला चूक आहे हेच माहीत नव्हतं, ती पुढे येते.

बातमी पसरली तसे सल्ले यायला लागले. वन्सं पुण्याहून फोनवर, धण्याचं पाणी पी रात्री भिजवून, आमच्या सोसायटीत एकीची गोळी सुटली. मावशीने कांचनार गुग्गुळ सुचवला. ऑफिसमधल्या एकीने कोबी-फ्लॉवर बंद कर म्हणून यादी दिली. सगळ्यांचं एक वाक्य मात्र सारखं, "गोळीची सवय लागते, एकदा सुरू झाली की आयुष्यभर." मलाही तीच भीती होती, खोटं कशाला बोलू, सही करून घेतल्यासारखं वाटत होतं. पुढच्या खेपेला सगळं कागदावर लिहून नेलं आणि डॉक्टरांपुढे वाचलं. ते हसले. म्हणाले, "चष्म्याची सवय लागते का? डोळ्याला दिसत नाही म्हणून लावता ना? ग्रंथी बनवत नाही तेवढं आपण बाहेरून देतो, बस." कोबी शिजवून भाजीपुरता खा, काही होत नाही. धण्याचं पाणी आवडत असेल तर प्या, पण गोळीच्या जागी नाही.

मिठाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. आम्ही दोनेक वर्षं घरात सैंधव वापरत होतो, कुठल्यातरी फॉरवर्डवरून आईंनी सुरू केलेलं, साधं मीठ म्हणजे विष वगैरे. मला वाटलं आयोडीन नाही मिळालं म्हणूनच झालं मला. तर ते म्हणाले तसं नाही, तुमचं दुखणं त्या अँटीबॉडीचं आहे, आणि आता आयोडीन जास्त घेतलं म्हणून बरंही होणार नाही, उलट त्रास होईल, कसल्या केल्प-बिल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, गोळ्या घेऊ नका. पण घरात वाढतं मूल आहे, साधं आयोडीनचं मीठ परत आणा. एकेकाळी हिमालयाच्या पायथ्याला गावंच्या गावं गलगंडाची होती, सरकारने १९६२ पासून त्यासाठी कार्यक्रम काढला, आणि २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे, ते काय उगीच? आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग दुकानात सैंधव कसं मिळतं? ते मला सांगता आलं नाही. आता घरात दोन बरण्या आहेत, सैंधव उपासाला.

आईंचा दुसरा प्रश्न जास्त मोठा होता. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की ही गोळी जनावराच्या गळ्यापासून करतात. माळकरी बाई, एकादशीला लसूण शिवत नाहीत, आणि त्यांच्या देवघरासमोर मी रोज सकाळी ती गोळी घेणार. मी शोधून वाचलं तर अगदी खोटंही नव्हतं. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी अशा एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला होता, त्याआधी यावर इलाजच नव्हता, आणि ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. पण आताचं औषध रसायनं जोडून कारखान्यात बनवलेलं असतं, मेंढीचा संबंध नाही. हे सगळं आईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या बाईला चहा चालायचा का?"

पहिले सहा आठवडे फार काही झालं नाही. लोक सांगतात आठवड्यात तरतरी आली वगैरे, मला नाही आली. पोट साफ व्हायला लागलं ते साधारण तिसऱ्या आठवड्यात, इसबगोलचा डबा मागे गेला. केस उलट जास्त गळायला लागले, त्याने मी रडकुंडीला आले. कंगवा बघून गोळी बंद करावी असं एकदा ठरवलंही. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले सुरुवातीला होतं असं काहींना, थांबतं, गोळी सोडू नका. मेडिकलवाल्याने केसांसाठी बायोटिन दिलं ते मी घ्यायला लागले.

सहा आठवड्यांनी टीएसएच. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की त्याच्या आत करण्यात अर्थ नाही, हे औषध रक्तात अर्धं व्हायलाच सात दिवस घेतं, पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, उगाच दर आठवड्याला पैसे घालवू नका. मी मनात धरलेलं दहाच्या आत येईल. आला २६.२.

मी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले तेव्हा घशात आवंढा होता. म्हटलं गोळी लागू पडत नाहीये. त्यांनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जातं ते क्रमाने सांगा. खरं सांगा."

सांगितलं. सहाला थायरॉईडची गोळी. आणि त्याच पाण्याबरोबर लोहाची, कारण मॅडम म्हणालेल्या की लोह उपाशीपोटी चांगलं लागतं, म्हटलं एकाच घोटात दोन्ही होऊन जातील. दहा मिनिटांनी चहा दुधाचा. साडेआठला पोळीबरोबर ते जुनं कॅल्शियम, तेही चालूच होतं. आणि बायोटिन. ते ऐकत होते, मधे बोलले नाहीत. मग समोरच्या कागदावर दोन गोल काढले आणि एकात दुसरा अडकवला. लोह काय, कॅल्शियम काय, ही गोळीला पोटातच पकडून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. चहाचंही थोडंफार तसंच. "तुम्ही गोळी रोज घेतलीत ताई, पण शरीराला ती पोचलीच नाही." चार तासांचं अंतर पाहिजे. आणि बायोटिनने तर रक्ताच्या तपासणीचेच आकडे चुकतात, ते तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद पाहिजे. मी तर त्याच सकाळी खाल्लेलं.

दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, दोन्ही बरोबर. मधल्या जागेत मी.

मग वेळापत्रक झालं, फ्रिजवर चिकटवलंय अजून. थायरॉईड सकाळी, लोह दुपारी जेवणाआधी ऑफिसमध्ये लिंबूसरबताबरोबर, कॅल्शियम रात्री जेवताना. बायोटिन बंद. डोस ७५ केला, तो तसाही वाढवायचाच होता म्हणाले. घरात ५० च्या बाटलीत पाऊणशे गोळ्या शिल्लक, त्या टाकवतील का मला, मी विचारलं, तर २५ ची बाटली लिहून दिली, दोन्ही मिळून ७५. ह्यांनी लगेच हिशोब केला की एकशेवीस रुपये वाचले. बाटली मी ओट्यावर गॅसच्या वरच्या फळीत ठेवायचे, दिसली की आठवेल म्हणून. तीही हलवायला लावली, उष्णतेने आणि वाफेने औषधाचा जोर जातो. आता बेडरूममध्ये उशाशी, बाजूला तांब्या-भांडं झाकून.

राहिला चहा. माझ्याने सहाला उठून सातपर्यंत उपाशी राहणं होत नव्हतं, हे मी सरळ कबूल केलं. डॉक्टर म्हणाले मग पाचला घ्या. बाथरूमला उठता ना पहाटे? तेव्हा घ्या आणि परत झोपा. एवढं सोपं! मी पाचचा गजर लावला, गोळी, दोन घोट पाणी, परत गोधडीत. पण पाचला उठलं की मला परत झोप लागेना, आणि यांची पण झोपमोड. तीन दिवसांनी चौथ्या दिवशी सकाळी सहाला गोळी घेऊन स्वयंपाकघरात आले तर खलबत्त्याचा आवाज नाही. आई देवघरात फुलं निवडत बसलेल्या. म्हटलं आई, चहा? "सातला करणारे आता. मलाही एवढ्या लवकर सोसत नाही, पित्त होतं." एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं की त्यांना चहाने पित्त होतं. मी काही बोलले नाही, भाजी चिरायला घेतली.

सात आठवड्यांनी ६.८. मग डोस ८८. त्याच्यानंतर दोन आठवड्यांत एकदा रात्री छातीत धडधड झाली तेव्हा घाबरून फोन केला, डोस जास्त झाला की काय, कारण जास्त झालं तर धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं होतं हे वाचलेलं. नाडी मोजायला लावली, ७६ होती. "ताई, ५४ ची सवय झालीये तुम्हाला, ही माणसाची नाडी आहे." पुढच्या वेळी २.९ आलं. कोलेस्टेरॉल गोळीशिवाय २०८. हिमोग्लोबिन ११.६, पाळी पाच दिवसांवर. आता सहा महिन्यांनी तपासणी, मग वर्षाला एकदा. शंभर लागलेच नाहीत.

वजनाचं विचारतील सगळे म्हणून सांगते, तीन किलो उतरलं, सात चढलेलं. डॉक्टर म्हणाले सूज आणि पाणी उतरलं, बाकीचं तुमच्या चालण्यावर. मला वाटलेलं गोळी सुरू झाली की जुने ब्लाऊज आपोआप बसतील. नाही बसत.

थकवा कधी गेला हे मला सांगता येणार नाही, कारण तो एका दिवशी गेलाच नाही. दिवाळीच्या आधी कधीतरी ऑफिसातून आले, कुकर लावला, आणि चकलीची भाजणी कोणती आणायची यावर आईंशी वाद घालत होते तेव्हा लक्षात आलं की मी आल्यापासून बसलेच नाहीये. पिग्मीवाल्या दादांचं नाव आता आठवतं. माझ्या मोठ्या बहिणीला पण तपासून घ्यायला लावलं, घराण्यात असतं म्हणतात म्हणून, तिचं ७.१ निघालं, ती अजून धण्याच्या पाण्यावर आहे, तिच्याशी माझं भांडण चालू आहे.

गोळी चुकली दोनदा. एकदा भाचीच्या लग्नात अथणीला, बाटली घरीच, तीन दिवस. काही झालं नाही, आल्यावर परत सुरू केली, पण आता पर्सच्या आतल्या कप्प्यात चार गोळ्यांची डबी असते.

भजनी मंडळात मागच्या महिन्यात काकूंनी न विचारता काळी तीनला सूर धरला. मी गायले. वरच्या षड्जाला जरा खरखरलं पण लागला. मग त्यांनी भाता थांबवून माझ्याकडे बघितलं, बोट काळी चारवर ठेवलं, भुवई उडवली. मी मान हलवली, अजून नको. आमच्या बाकीच्या बायका म्हणाल्या आता हीच बरी वाटते, सवय झाली.